व्हॉल्व्हचा गोडवा, ट्रान्झिस्टरचे माप

आपल्या समाजातील नव्या घरांच्या दिवाणखान्यांत अलीकडे एक जुनी वस्तू नव्या थाटात परत आलेली दिसते. चंदेरी पेटीवर उभ्या काचेच्या नळ्या, त्यांच्या आत मंद नारिंगी उजेड आणि शेजारी तबकडी फिरविणारा रेकॉर्ड प्लेअर. हा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर होय. त्याची किंमत पुष्कळदा लाखाच्या पुढे असते. विक्रेता सांगतो की ट्रान्झिस्टरच्या यंत्रातून आवाज कोरडा येतो, व्हॉल्व्हमधून मात्र गायक समोर बसून गातो आहे असा भास होतो. घरातील अभियंता पुतण्या म्हणतो की हे सत्तर वर्षांपूर्वीचे तंत्र असून केवळ शोभेसाठी विकले जाते. कुटुंबप्रमुखापुढे प्रश्न उभा राहतो : या दोघांपैकी खरे कोणाचे आणि एवढी रक्कम खर्च करणे कितपत योग्य?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र कोणते विधान कोणत्या अर्थाने खरे, हे वेगळे करून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. व्हॉल्व्हचा गोडवा हा भ्रम नव्हे. पण पुष्कळदा तो मूळ संगीतात यंत्राने घातलेली भर असतो. ही भर जाणून आणि तिचे मोल देऊन घेतली तर तक्रारीस जागा नाही. ती 'शुद्धता' या नावाने विकली गेली, तर मात्र तो विषय केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

प्रवचनात ध्वनिवर्धक वापरावा की नाही, याविषयी आपल्या संप्रदायांत मतभेद आहेत. त्या चर्चेत हा लेख शिरत नाही. येथे विचार आहे तो गृहस्थाच्या घरातील संगीतापुरता.

एकच काम, दोन साधने

तबकडीवरील सुईतून किंवा मोबाइलमधून निघणारा विद्युत्संकेत अतिशय दुबळा असतो. स्पीकरचा पडदा हलविण्याची शक्ती त्याच्यात नसते. तो संकेत जसाच्या तसा मोठा करणे एवढेच अॅम्प्लिफायरचे काम. 'व्हॉल्व्ह' या शब्दाचा अर्थच झडप. धरणाचा दरवाजा थोड्या बळाने वरखाली करता येतो आणि त्यामागचा प्रचंड प्रवाह तेवढ्याने कमीजास्त होतो. तसाच दुबळा संकेत येथे मोठ्या विद्युत्प्रवाहावर अंमल गाजवितो.

काचेच्या नळीतील हवा काढून घेतली आणि आतील फिलामेंट तापविले की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी 1904 मध्ये दोन टोकांचा व्हॉल्व्ह तयार केला. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी 1906 मध्ये त्यात जाळीसारखे तिसरे टोक घातले. ही जाळी म्हणजेच झडप. रेडिओ, बोलपट, दूरच्या पल्ल्याचा टेलिफोन आणि विद्युत् पद्धतीचे ध्वनिमुद्रण या सर्वांचा पाया या तिसऱ्या टोकाने घातला. आपल्याकडील वडीलधाऱ्यांना आठवत असेल की रेडिओ सुरू केल्यावर लगेच बोलत नसे. आतील दिवे तापेपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट वाट पाहावी लागे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने साठच्या दशकात असे व्हॉल्व्ह देशातच बनविले.

डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटेन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. त्यांना आणि शॉकली यांना 1956 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फिलामेंट नाही, काच नाही, तापण्याची वाट पाहणे नाही. घन स्फटिकाच्या कणातच झडपेचे काम होऊ लागले. म्हणून इंग्रजीत या यंत्रांना 'सॉलिड स्टेट' हे नाव पडले.

साठच्या दशकातील पहिले ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायर मात्र खरोखरच कर्कश होते. त्यांत आवाजाच्या लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळी आणि खालचा अर्धा दुसरा. एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपविताना मध्ये खाच पडे. आवाज जितका हळू, तितकी ती खाच कानाला अधिक टोचे. 'ट्रान्झिस्टर म्हणजे कोरडा' ही कीर्ती त्या काळातील आहे. सत्तरच्या दशकात ही खाच जवळजवळ भरून निघाली, कीर्ती मात्र आजतागायत टिकून राहिली.

गोडव्याचे मूळ

कोणताही अॅम्प्लिफायर संकेत मोठा करताना त्यात स्वतःचे थोडेफार मिसळतो. याला विरूपण म्हणतात. 240 कंपनांचा षड्ज आत गेला तर बाहेर षड्जाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूक्ष्म स्वरही येतात. दुप्पट म्हणजे तार षड्ज. तिप्पट म्हणजे तार सप्तकातील पंचम. पाचपट म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातील गंधार. सातपटीचा स्वर मात्र कोमल निषादापेक्षाही थोडा उतरलेला असतो. तो कोणत्याही रागात बसत नाही आणि कानाला खुपतो.

आपल्या संगीतात ही गोष्ट नवी नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात ती याचसाठी. घोडीचा पृष्ठभाग घासून आणि तारेखाली दोरा सरकवून ते तारेतून वरचे स्वर उमलवितात. न छेडलेला स्वयंभू गंधार जुळलेल्या तंबोऱ्यातून ऐकू येतो, तो याच पाचपट कंपनांचा. जवारीशिवायची तार गणिताने अधिक शुद्ध असेल, पण तिच्यात रस नसतो.

साध्या रचनेचे, विशेषतः एकाच व्हॉल्व्हवर काम करणारे अॅम्प्लिफायर प्रामुख्याने दुप्पट कंपनांचा स्वर मिसळतात. तो तार षड्जच असल्याने कानाला बेसूर वाटत नाही. आवाज भरल्यासारखा, ऊबदार वाटतो. अशा यंत्रांत पूर्ण आवाजाला हे प्रमाण एक ते तीन टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. चांगल्या आधुनिक ट्रान्झिस्टर यंत्रात ते 0.01 टक्के किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर काही अंशी स्वतःच जवारीचे काम करतो.

हे वाचून व्हॉल्व्हच्या चाहत्यांस आनंद होईल; परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. यंत्र एकाच स्वरावर थांबत नाही. दोन स्वर एकत्र आले की त्यांच्या कंपनांची बेरीज आणि वजाबाकी असलेले नवे स्वरही ते निर्माण करते. 240 चा षड्ज आणि 270 चा शुद्ध रिषभ एकत्र आत गेले, तर बाहेर 510 आणि 30 कंपनांचे स्वरही मिसळतात. 510 म्हणजे तार सप्तकातील जवळजवळ कोमल रिषभ. गायकाने लावला शुद्ध रिषभ आणि यंत्राने कुजबुजला कोमल! एकट्या गळ्याला तंबोऱ्याची साथ असताना हे फारसे जाणवत नाही. पन्नास वाद्यांच्या वाद्यवृंदात मात्र या बेरजा-वजाबाक्यांची इतकी गर्दी होते की आवाज ऊबदार होण्याऐवजी गढूळ होतो. एकाच व्हॉल्व्ह-यंत्रावर ख्याल सुरेख वाटतो आणि चित्रपटातील मोठ्या वाद्यमेळाचे गीत गोंधळल्यासारखे वाटते, त्याचे एक कारण हे आहे.

दुसरे कारण यंत्राच्या अंतर्गत रोधाचे. स्पीकरवर '8 ओहम' लिहिलेले असले तरी स्वर बदलतो तसा त्याचा रोध बदलतो. कोठे तो 4 असतो, कोठे 24. व्हॉल्व्ह-यंत्राचा स्वतःचा रोध 2 ओहम धरला, तर 24 ओहमच्या जागी शंभर रुपयांपैकी 92 रुपये स्पीकरला पोहोचतात आणि 4 ओहमच्या जागी केवळ 67. ट्रान्झिस्टर-यंत्राचा रोध 0.1 ओहम धरला, तर हेच आकडे 99.6 आणि 97.6 येतात. म्हणजे व्हॉल्व्ह-यंत्र काही स्वर उचलते व काही दाबते, आणि कोणते ते स्पीकरवर ठरते. मित्राकडे अप्रतिम वाजलेला अॅम्प्लिफायर आपल्या घरी आणल्यावर निराळाच वाजतो, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

तिसरे कारण कुवतीच्या मर्यादेचे. आवाज झेपेनासा झाला की ट्रान्झिस्टर-यंत्र लहरीचा माथा सपाट कापते व कर्कश होते. व्हॉल्व्ह-यंत्र बहुधा तो हळूहळू वाकविते. त्यामुळे 30 वॉटचे व्हॉल्व्ह-यंत्र त्याच क्षमतेच्या ट्रान्झिस्टर-यंत्रापेक्षा दमदार भासते.

तथापि 'व्हॉल्व्ह म्हणजे गोड' हे समीकरणही सर्वत्र लागू नाही. 2 ऑगस्ट 1927 रोजी हॅरोल्ड ब्लॅक हे बेल प्रयोगशाळेतील तरुण अभियंते हडसन नदीतून बोटीने कामावर जात असताना त्यांना एक कल्पना सुचली, आणि ती त्यांनी हातातील वर्तमानपत्रावरच टिपून ठेवली. अॅम्प्लिफायरमधून बाहेर पडलेल्या संकेताचा थोडा अंश परत आणून मूळ संकेताशी ताडून पाहावा आणि जो फरक दिसेल तो वळता करावा. बँकेचे पासबुक आणि दुकानाची रोकडवही यांचा ताळमेळ घालून चूक दुरुस्त करावी, तसा हा प्रकार. याच तत्त्वाचा अवलंब करून डी. टी. एन. विल्यमसन यांनी 1947 मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात प्रसिद्ध केलेल्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरचे विरूपण 15 वॉटला केवळ 0.1 टक्का होते. म्हणजे व्हॉल्व्ह काटेकोरही होऊ शकतो. गोडवा अथवा कोरडेपणा हा साधनापेक्षा रचनाकाराने काय साधायचे ठरविले, यावर अधिक अवलंबून असतो.

पडद्याआडची कसोटी

मग मनुष्याच्या कानाला हा फरक खरोखर ओळखता येतो का? इंग्लंडमधील क्वाड या नामवंत कंपनीच्या तीन यंत्रांवर 1978 मध्ये एक कसोटी झाली. एक होते व्हॉल्व्हचे, पन्नाशीच्या दशकातील 'क्वाड दोन'. दुसरे ट्रान्झिस्टरचे 'क्वाड 303'. तिसरे त्याहून नवे 'क्वाड 405'. ध्वनितज्ज्ञ जेम्स मॉयर यांनी ही कसोटी घडवून आणली. तिन्ही यंत्रांचा आवाज समान ठेवला, कोणतेही यंत्र त्याच्या क्षमतेबाहेर जाऊ दिले नाही, आणि कोणते चालू आहे हे ऐकणाऱ्यांना कळू दिले नाही. जाणकार श्रोत्यांची उत्तरे नाणेफेकीपेक्षा अधिक बरोबर आली नाहीत.

दुसरा प्रसंग 1985 मधील. अमेरिकेतील अभियंते बॉब कार्व्हर यांनी 'स्टिरिओफाइल' या मासिकाला आव्हान दिले : तुम्ही निवडाल त्या महागड्या अॅम्प्लिफायरचा आवाज मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर-यंत्रातून काढून दाखवितो. संपादकांनी निवडलेले यंत्र व्हॉल्व्हचे होते. कार्व्हर यांनी दोन्ही यंत्रांच्या संकेतांची एकमेकांतून वजाबाकी करीत, उरणारा फरक शक्य तितका शून्याजवळ येईपर्यंत आपले यंत्र बदलत नेले. अखेरीस त्या अनुभवी संपादकांना दोहोंत भेद करता आला नाही.

या दोन प्रसंगांचे निष्कर्ष वरवर परस्परविरोधी वाटतात. पहिल्यात व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर सारखेच ठरले. दुसऱ्यात सुरुवातीला फरक होता, मात्र तो मोजता आला आणि दुसऱ्या यंत्रात उतरविताही आला. येथे आपल्या परंपरेतील अनेकान्ताची दृष्टी कामी येते. अनेकान्त म्हणजे 'सगळेच बरोबर' असा सैल समेट नव्हे. 'स्यात्' या पदाचा अर्थ 'कदाचित' असा नसून 'अमुक अपेक्षेने' असा आहे. आणि ती अपेक्षा सांगितल्यावाचून विधान अपुरे राहते. काटेकोरपणे बनविलेली आणि क्षमतेत चालविलेली यंत्रे, या अपेक्षेने व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर एकच. भर घालण्यासाठीच रचलेले यंत्र, या अपेक्षेने ते भिन्न. आणि काचेतील उजेड पाहत, रात्रीच्या निवांत वेळी आवडीचा राग ऐकणारा श्रोता, या अपेक्षेने त्याला मिळणारा आनंदही सत्यच; फक्त त्यात कानाचा वाटा किती आणि डोळ्याचा किती, हे त्याने स्वतःशी प्रामाणिकपणे पाहावे.

तबकडीत असलेला व्हॉल्व्ह

जुनी ध्वनिमुद्रणे जुन्याच पद्धतीच्या यंत्रावर ऐकली पाहिजेत, असे काही रसिक म्हणतात. याचाही विचार करू. 1925 पासून ध्वनिमुद्रण विद्युत् पद्धतीने होऊ लागले. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 1930 च्या दशकातील तबकड्या या याच पद्धतीच्या. त्या काळी ट्रान्झिस्टर नव्हताच. तेव्हा त्यांच्या स्वराला व्हॉल्व्हने जी काही भर घातली असेल, ती तबकडीच्या रेषांत आधीच उतरलेली आहे. घरच्या यंत्राने तीत आणखी भर घातल्यास ते अधिक अस्सल कसे होईल? दुधात एकदा साखर घातलेली असताना पुन्हा घालण्यासारखे ते आहे. गोड आवडणाऱ्याने जरूर घालावी, परंतु मूळ दूध असेच होते, असे म्हणू नये.

इलेक्ट्रिक गिटार वाजविणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्या हाती अॅम्प्लिफायर हे वाद्याचेच अंग असते. व्हॉल्व्हला मुद्दाम त्याच्या मर्यादेपलीकडे नेऊन ते हवा तो करकरीत नाद काढतात. तेथे विरूपण ही निर्मिती आहे. निर्मितीसाठीचे यंत्र आणि पुनर्निर्मितीसाठीचे यंत्र यांत गल्लत केली की बाजारातील पुष्कळ वाद सुरू होतात.

दहा वर्षांचा हिशेब

आता वहीखात्याकडे वळू. पुढील दर केवळ उदाहरणादाखल गृहीत धरले आहेत. आपापल्या गावचे दर घालून प्रत्येकाने आकडेमोड करावी.

रोज तीन तास वापर धरला तर वर्षाचे 1,095 तास होतात. व्हॉल्व्ह-यंत्र संगीत चालू असो वा नसो, साधारण 160 वॉट खाते असे समजू. वर्षाला 175 युनिट झाले. ट्रान्झिस्टर-यंत्र सरासरी 40 वॉट घेत असेल तर 44 युनिट. फरक 131 युनिटांचा. युनिटला 10 रुपये धरल्यास वर्षाला 1,310 रुपये. विजेचा खर्च म्हणजे काही मोठी बाब नव्हे.

खरा खर्च व्हॉल्व्हचा आहे. शक्ती देणाऱ्या मोठ्या व्हॉल्व्हचे आयुष्य साधारण दोन ते तीन हजार तास असते. अडीच हजार धरले, तर दहा वर्षांच्या 10,950 तासांत चार वेळा संच बदलावा लागेल. चार जुळलेल्या व्हॉल्व्हच्या संचाला 16,000 रुपये धरले, तर 64,000 रुपये. वीज मिळवून दहा वर्षांत सुमारे 77,000 रुपये, तेही आजच्या दराने. हे व्हॉल्व्ह आता प्रामुख्याने रशिया, स्लोवाकिया आणि चीन येथे बनतात. मार्च 2022 मध्ये रशियाने निर्यातीवर काही काळ बंधन घातले, तेव्हा जगभरात टंचाई आणि भाववाढ झाली. ज्या वस्तूचा सुटा भाग परदेशातील मोजक्या कारखान्यांवर अवलंबून आहे, तिच्या हिशेबात ही जोखीम मांडलीच पाहिजे.

जमेच्या बाजूसही काही आहे. व्हॉल्व्ह-यंत्राची रचना सुटसुटीत असते. जाणता कारागीर ती वीस-तीस वर्षांनीही दुरुस्त करू शकतो, कारण व्हॉल्व्हचे प्रचलित नमुने अनेक दशके तेच राहिले आहेत. उलट आजच्या स्वस्त ट्रान्झिस्टर-यंत्रातील एखादी चिप निर्मात्याने बंद केली की संपूर्ण यंत्र भंगारात जाते. चांगल्या निगेतील व्हॉल्व्ह-यंत्राला पुनर्विक्रीत किंमतही बरी येते. तरीही हिशेबाचा कल स्पष्ट आहे : निव्वळ स्वच्छ आवाज हवा असेल, तर त्याच पैशात ट्रान्झिस्टरचे यंत्र आणि त्याहून चांगले स्पीकर येतात.

माप आणि प्रतिरूप

आपल्यापैकी अनेक कुटुंबे ही यंत्रे विकत घेणारी आहेत, तशी विकणारीही आहेत. म्हणून पुढील मुद्दा अधिक महत्त्वाचा.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'हीनाधिक मानोन्मान' आणि 'प्रतिरूपक व्यवहार' हे दोन आहेत. पहिल्याचा अर्थ खोटी वजनमापे वापरणे. दुसऱ्याचा, अस्सल म्हणून नक्कल खपविणे. तराजू आणि तूप यांच्या संदर्भात हे अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो. ध्वनियंत्रांच्या बाजारात दोन्ही जसेच्या तसे आढळतात.

मापाचे उदाहरण 'पीएमपीओ' वॉटचे. नव्वदच्या दशकात म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर '1000 वॉट पीएमपीओ' असे ठळक अक्षरांत छापलेले असे. आत संच दहा-वीस वॉटचा. या मापाला कोणताही सर्वमान्य प्रमाण नव्हता. निर्मात्याला वाटेल तो आकडा छापता येई. अमेरिकेत हीच लबाडी रोखण्यासाठी तेथील फेडरल ट्रेड कमिशनने 1974 मध्येच नियम करून, शक्तीचा आकडा ठरावीक पद्धतीने मोजूनच जाहीर करण्याचे बंधन घातले. आपल्याकडे ग्राहकास सोपी परीक्षा उपलब्ध आहे. यंत्राच्या पाठीमागील पट्टीवर ते किती वॉट वीज घेते हे लिहिलेले असते. जे यंत्र 50 वॉट घेते, ते सलग 1000 वॉट देणार कोठून? नावे पडलेल्या रकमेपेक्षा जमा जास्त दिसली, तर वही तपासावी लागते.

प्रतिरूपाचे उदाहरण स्वस्त 'व्हॉल्व्ह' अॅम्प्लिफायरचे. काही यंत्रांत शक्ती देण्याचे सर्व काम ट्रान्झिस्टरची चिप करते; वर एक-दोन छोटे व्हॉल्व्ह असतात आणि ते तेजस्वी दिसावेत म्हणून त्यांच्या तळाशी नारिंगी एलईडी बसविलेला असतो. असे संमिश्र यंत्र विकण्यात गैर काही नाही. ते 'हायब्रिड' आहे असे स्पष्ट सांगितले पाहिजे, एवढेच. ओळखण्याची खूणही सोपी आहे. स्पीकर चालविणाऱ्या खऱ्या व्हॉल्व्ह-यंत्रात लोखंडी गाभ्याचे जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतात, कारण व्हॉल्व्हचा हजारो ओहमचा रोध स्पीकरच्या 8 ओहमशी जुळवावा लागतो. पेटी एका हाताने सहज उचलली गेली, तर शंका घ्यावी.

नावाचाही प्रश्न आहे. मुलार्ड हे मूळ ब्रिटिश नाव. आज त्याच नावाने रशियात बनलेले नवे व्हॉल्व्ह रीतसर विकले जातात. त्यात बेकायदा काही नाही. परंतु नवा व्हॉल्व्ह 'साठच्या दशकातील जुना इंग्लिश माल' म्हणून चढ्या भावाने दिला, किंवा साध्या व्हॉल्व्हवरील छपाई पुसून नामवंत छाप मारली, तर तो उघड प्रतिरूपक व्यवहार होय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे. पण आपल्या पेढ्यांची पत कायद्याच्या भीतीने उभी राहिली नाही. गिऱ्हाइकाने न विचारताही मालातील उणीव सांगणारा दुकानदार, ही ती पत होती. 'यात गोडवा आहे, तो यंत्राचा आहे. मूळ ध्वनिमुद्रण याहून थोडे रुक्ष आहे' असे सांगूनही व्हॉल्व्ह-यंत्र विकले जाते. ज्याला ते हवे आहे, तो तरीही घेतो आणि पुन्हा त्याच दुकानात येतो.

घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

ज्यांना अशी खरेदी करायची आहे, त्यांच्यासाठी काही सूचना.

पहिली : ठरविलेल्या रकमेतील मोठा वाटा स्पीकरवर खर्च करावा. आवाजात सर्वांत अधिक फरक स्पीकर आणि खोली यांनी पडतो. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या दिवाणखान्यात एक जाड सतरंजी आणि पडदे जे साधतील, ते महाग अॅम्प्लिफायरला साधणार नाही.

दुसरी : दुकानात दोन यंत्रांची तुलना करताना दोहोंचा आवाज समान करवून घ्यावा. जे किंचित मोठ्याने वाजते तेच कानाला चांगले वाटते; विक्रेत्याला हे ठाऊक असते. शक्य असल्यास यंत्राकडे पाठ करून बसावे, आपल्या परिचयाचीच तबकडी न्यावी आणि खात्री पटेपर्यंत ऐकावे.

तिसरी : व्हॉल्व्ह-यंत्र कमी शक्तीचे असेल तर स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. 95 डेसिबलच्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी 85 डेसिबलच्या स्पीकरच्या एकदशांश शक्ती पुरते. 8 वॉटचे यंत्र पहिल्याबरोबर घर भरून टाकील, दुसऱ्याबरोबर धापा टाकील.

चौथी सुरक्षेची, आणि ती दुर्लक्षू नये. व्हॉल्व्ह-यंत्राच्या आत 350 ते 450 व्होल्टपर्यंत डीसी दाब असतो. यंत्र बंद करून वायर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकून राहतो आणि प्राणघातक ठरू शकतो. झाकण घरी उघडू नये. काच हात भाजण्याइतकी तापते. लहान मुले असलेल्या घरात वरची जाळी कधीही काढू नये. जाळीचे आणखी एक प्रयोजन आपल्या वाचकांना विशेष पटेल. चातुर्मासात संध्याकाळी उजेडाकडे झेपावणारे कीटक तापलेल्या काचेवर पडून मरतात. जाळी बारीक छिद्रांची घ्यावी, परंतु यंत्राची हवा कोंडणार नाही याकडेही लक्ष द्यावे. आणि पावसाळ्याच्या संध्याकाळी यंत्र बंदच ठेवता आले, तर ते सर्वांत उत्तम.

पाचवी सूचना ज्यांच्या माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्ह रेडिओ पडून आहे त्यांच्यासाठी. कुतूहलाने तो सरळ प्लगला लावू नये. दशकानुदशके न वापरलेले कपॅसिटर फुटू शकतात, आणि जुन्या काही एसी-डीसी रेडिओंचा धातूचा सांगाडाच विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. त्याला हात लागला तर धक्का बसतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत चौकशी केल्यास व्हॉल्व्ह जाणणारा एखादा जुना कारागीर अजूनही भेटतो. त्याच्याकडून कपॅसिटर बदलून घ्यावेत आणि पहिल्यांदा रेडिओ त्यालाच सिरीज लॅम्प लावून सुरू करू द्यावा. भंगारवाल्याला किलोच्या भावाने देण्यापूर्वी एवढे तरी करावे. लाखाच्या नव्या यंत्रातून जी ऊब विकत मिळते, तिच्यातील बरीचशी त्या लाकडी पेटीत काही हजारांत मिळण्याचा संभव आहे.

अखेरचा मुद्दा मर्यादेचा. या छंदाला शेवट नसतो. अॅम्प्लिफायरनंतर वायर, वायरनंतर सुई, सुईनंतर दुसरे व्हॉल्व्ह. प्रत्येक वेळी 'एवढे घेतले की झाले' असे वाटते, आणि संगीत ऐकण्याऐवजी मनुष्य यंत्रच ऐकू लागतो. परिग्रह-परिमाणाच्या व्रतात मर्यादा आधी ठरवायची असते, वस्तू समोर आल्यानंतर नव्हे. म्हणून दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी रकमेचा आकडा घरच्या सर्वांच्या विचाराने वहीत लिहून ठेवावा. त्या आकड्यात व्हॉल्व्ह बसत असेल आणि त्याचा गोडवा मनापासून आवडत असेल, तर आनंदाने आणावा. बसत नसेल, तर निम्म्याहून कमी किमतीचे चांगले ट्रान्झिस्टर-यंत्र ध्वनिमुद्रणात जे आहे ते जसेच्या तसे आपल्या कानांपर्यंत पोहोचवील.